टाकीतला अंगारा

ही हकीकत मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे आणि एकदाही पुरती खरी सांगितलेली नाही. भजनी मंडळात सांगितली, नवरात्रात देवळाच्या ओट्यावर सांगितली, बारशा-लग्नांत कोणी आग्रह केला म्हणून सांगितली. भर उन्हात बंद पडलेली मोटार, आत विव्हळणारी माझी गरोदर लेक आणि कुठूनसा आलेला एक अनोळखी माणूस. तो गाडी चालू करून देतो, लेक वाचते, माणूस निघून जातो. ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत. ‘आईच आली हो त्या रूपात,’ असं कोणीतरी म्हणे आणि मी मान खाली घाली. लोकांना तो माझा विनय वाटे.

तो माणूस अनोळखी नव्हता. त्याचं नाव नबीलाल. मी त्याला चांगला ओळखत होतो, आणि तो त्या दिवशी त्या रस्त्यावर का होता, हेही मला माहीत होतं. ते सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता ऐंशी उलटून गेली आहेत. जिभेला जे जमलं नाही ते हाताने करून पाहतो.

सत्तरच्या दशकात, मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा, मी सोलापूरच्या पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात दिवाणजी होतो. मालक घरात तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. शब्दाचे पक्के आणि रागाचेही पक्के. त्यांच्याकडे विलायती बनावटीची, दुसऱ्या कोणाकडून घेतलेली काळी मोटार होती. ती चालवायला आणि सांभाळायला नबीलाल. तो शाळेत किती गेला होता कोण जाणे, पण स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून तो वैद्याने नाडी पाहावी तसा उभा राही. माझ्याच वयाचा. मी त्याला अरे-तुरे करी, तो मला ‘दिवाणजी’ म्हणे. माझ्या कुसुमला लग्नानंतर सासरी मंद्रूपला त्यानेच त्या गाडीतून पोचवलं होतं. वेशीवर गाडी थांबवून म्हणाला होता, “ताई, रडून घ्या हितंच. म्होरं सासू बघंल.” आणि रडता रडता पोर हसली होती.

आश्विन पौर्णिमेला सोलापुराहून तुळजापूरला पायी जायची आमच्याकडे रीत आहे. मी वर्षानुवर्षं जात होतो. येताना अंगारा आणायचा आणि घरभर ठेवायचा, धान्याच्या कणगीत, लेकीच्या उशाला, कचेरीतल्या मेजाच्या खणात. त्या वर्षी मोटारीतही ठेवावा असं मनात आलं, कारण महिन्यापूर्वी मी बसलेलो असताना ती एका बैलगाडीवर आदळता आदळता वाचली होती. पण ठेवायचा कुठे? काचेजवळच्या फळीवर मालकांचा बालाजी होता. आरशाला नबीलालने ७८६ चा पितळी बिल्ला टांगलेला. माझ्या आईला जागा नव्हती. आज हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते मला खरोखर टोचत होतं.

मग शुक्रवारी दुपारी, नबीलाल नमाजला गेलेला असताना, मी मोटारीच्या मागे गेलो. देवीच्या ओटीतल्या लाल खणाचा तुकडा, त्यात अंगारा, वर दोऱ्याच्या सात गाठी, अशी सुपारीएवढी पुरचुंडी केली होती. टाकीचं झाकण फिरवलं. ‘आई, हिच्या पोटात राहा,’ असं म्हणालो आणि पुरचुंडी आत सोडली. पेट्रोलात कापड टाकू नये एवढी अक्कल मला नव्हती असं नाही. देवीचं कापड इतर कापडांसारखं वागणार नाही, अशी माझी समजूत होती.

दिवाळी सुरळीत गेली. नंतर गाडी बंद पडू लागली.

बंद पडण्याची तऱ्हा विचित्र होती. दोन-तीन मैल मजेत चाले, मग आचके देई, धापा टाकी आणि गप्प होई. दहा मिनिटं उभी ठेवली की पहिल्या झटक्याला चालू, जणू काही झालंच नव्हतं. नबीलाल कामाला लागला. आधी त्याने करंट बघितला. प्लग काढून ठिणगी पाहिली, ती निळी आणि टणक होती. मग कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकले. मग पंपाचा पडदा बदलला. उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ धरत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं गुंडाळून बघितलं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण सैल ठेवून चालवली. शेवटी सायकलच्या पंपाने नळीतून टाकीकडे उलटी हवा मारली, आणि गाडी तीन दिवस सुतासारखी चालली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा मला शेजारी बसवून तो विजापूर रस्त्याला चाचणीला घेऊन गेला. गाडी आचके द्यायला लागली तसा कान टवकारून म्हणाला, “ऐकलंसा? उपाशी मरत न्हाय ही. कुनीतरी आतनं गळा दाबतंय आन् सोडतंय.”

मी हसलो. तेव्हा मला खरंच काही कळलं नव्हतं.

कळलं ते दोन दिवसांनी. पंपाखाली काचेची एक छोटी वाटी असते, तिच्यात पेट्रोलमधला गाळ बसतो. नबीलाल ती वाटी हातात घेऊन कचेरीच्या दारात आला.

“दिवाणजी, ही बघा जरा. माती हाय व्हय ही? चोळून बघा की.”

मी बोट बुडवलं.

“राख हाय,” तो म्हणाला. “लई बारीक. आता पेट्रोलच्या टाकीत चूल कुनी पेटवली म्हंतो मी!” आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसला.

माझ्या बोटावर करडी रेघ उठली होती. रोज सकाळी मी तीच कपाळाला लावत होतो. मला एकदम काहीच ऐकू येईना. त्याचे ओठ हलताना दिसत होते, मागाचे खटके थांबल्यासारखे वाटत होते. मी धोतराला बोट पुसलं आणि म्हणालो, “रस्त्याची धूळ असेल.” मी देवभोळा होतो, पण बुद्धू नव्हतो. त्या एका क्षणात मला सगळं समजलं होतं. तिथल्या तिथे ‘अरे, ती माझी चूक’ म्हटलं असतं तर तो पोट धरून हसला असता, मालक चार शब्द बोलले असते आणि गोष्ट तिथे मिटली असती. पण मला वाटलं, कारखानाभर बोभाटा होईल. दिवाणजींनी टाकीत अंगारा टाकला म्हणून मागावरची माणसं हसतील.

त्याच संध्याकाळी नबीलाल माझ्यासमोर मालकांना म्हणाला, “टाकी उतरवू द्या मालक. दोन दिस द्या. आत काय तरी फिरतंय. गाडी पेट्रोल वडती तवा तोंडाला यिऊन बसतंय. बंद पडली की सुटतंय. नळीचा फॉल्ट न्हाय, पंपाचा न्हाय. टाकीतच हाय.”

मी थक्क होऊन त्याच्याकडे पाहत होतो. टाकीच्या आतलं त्याला दिसत होतं, डोळ्यांनी पाहावं तसं. फक्त ती वस्तू कोणती एवढंच दिसत नव्हतं.

मालकांनी मला विचारलं, कारण गाडी कुठे-केव्हा जायची ते ठरवणं माझ्याकडे असे. “काय दिवाणजी? उतरवायची का टाकी?”

आणि मी म्हणालो, “गरज दिसत नाही, मालक. मालाचे दिवस आहेत, दोन दिवस गाडीवाचून अडेल. पेट्रोलच खराब येत असेल.”

नबीलालने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. गणित चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तार आली. उमरग्याच्या पलीकडल्या गावात मालकांची थोरली बहीण अखेरच्या घटका मोजत होती. आई लहानपणीच गेल्यावर मालकांना तिनेच वाढवलं होतं. नबीलालने तडक गाडी काढली. मला हे नंतर कळलं, की त्या रस्त्यावर गाडी अकरा वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी तो खाली उतरून नळी फुंकत होता आणि मालक रस्त्याच्या कडेला उभे राहून घड्याळ बघत होते. ते पोहोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती.

परतल्यावर मालकांनी मला आत बोलावलं. डोळे सुजले होते. “पेट्रोल खराब, असं तुम्हीच म्हणालात ना? त्याच पंपावर बाकीच्या गाड्या भरतात, त्या चालतात. आमच्याच टाकीत खराब कसं होतं? हा रॉकेल घालतो, दिवाणजी. पेट्रोल विकतो आणि रॉकेल घालतो. माझ्या अक्काचं तोंड मला दिसलं नाही.”

पेट्रोल महागल्यापासून असे प्रकार गावात होत होते, म्हणून आळ चटकन चिकटला. चिकटायला दुसरंही एक कारण होतं. नाव नबीलाल होतं. मालकांच्या मनात तसं काही नसेलही, पण ऐकणाऱ्यांना नाव ऐकताच पटलं, आणि तसं पटू देणाऱ्यांत मीही होतो. मी गप्प बसलो. मालक म्हणाले, “तुम्हीच सांगा त्याला. मला तोंड बघायचं नाही.”

मी फाटकापाशी जाऊन त्याला सांगितलं.

“मी रॉकेल घातलं? तुमाला पटतंय ही, दिवाणजी?”

“मला काय वाटतं त्याला किंमत नाही, नबीलाल. मालकांचा हुकूम आहे.”

त्याने गाडीत वाकून आरशाचा पितळी बिल्ला सोडवला, खिशात घातला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. “चोर म्हना. वर बघनारा हाय. पन फॉल्ट हातात यायच्या आदी मला काढलं, ही लई वाईट झालं बगा.”

तो गेला. आरसा मोकळा झाला. आणि आठवड्याने मी त्या आरशाला आईची छोटी तसबीर टांगली.

नवा ड्रायव्हर आला आणि गाडी नीट चालू लागली. पुरचुंडी टाकीच्या कुठल्या तरी कोपऱ्यात अडकून बसली असणार. पण लोक म्हणाले, बघा, चोर गेला, गाडी सुधारली. एवढा पुरावा पुरला. सोलापुरात नबीलालला कोणी गाडीला हात लावू देईना. तो मंद्रूपकडे, बायकोच्या माहेरी गेला आणि विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत सायकलवर हिंडू लागला. हे मला कुसुमकडूनच कळलं. मी मात्र मनाशी म्हणत होतो, आईने माझं पांघरलं. गाडी चालते आहे, म्हणजे तिने मला क्षमा केली आहे. रोज सकाळी तोच अंगारा कपाळाला लावत होतो.

वैशाखात एका सकाळी मंद्रूपहून कारखान्यात फोन आला. कुसुमचं दुसरं बाळंतपण. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण एकाएकी रक्तस्राव सुरू झाला होता. सुईणीने हात वर केले होते. मालकांनी क्षणाचाही विचार केला नाही. “गाडी घेऊन जा, दिवाणजी. पोरीला सोलापुरात आणा.” असा तो माणूस होता, आणि त्याच्याशीही मी खोटं बोललो होतो.

जाताना गाडी वाऱ्यासारखी गेली. कुसुमला मागच्या सीटवर आडवी केली, डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि निघालो. मंद्रूप सोडून थोडं पुढे आलो आणि गाडीने आचका दिला.

तो आचका मी ओळखला.

एकदा बंद पडली, थांबून चालू झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सीना नदीच्या पुलाच्या अलीकडे जी थांबली ती दहा मिनिटांनी चालू होऊन शंभर पावलांवर पुन्हा मेली. दुपार टळटळीत. नदीत पाण्याचा थेंब नाही. एसटीला तास-दीड तास अवकाश. नव्या ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, इकडे तिकडे हात लावला आणि म्हणाला, “मला काय समजंना झालंय.” कुसुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बाबा, पाणी,” एवढंच म्हणत होती.

मी रस्त्यावर उतरलो, तुळजापूर कुठल्या दिशेला येतं तेही सुचेना, तसाच धुळीत बसलो आणि मोठ्याने बोललो. ड्रायव्हर ऐकत असेल याचंही भान राहिलं नाही. ‘आई, तुझी पुरचुंडी मी टाकली. खोटं मी बोललो. पोरीने काही केलेलं नाही. कुणाला तरी पाठव. कुणालाही पाठव.’ आणि प्रामाणिकपणे सांगतो, ‘कुणालाही’ म्हणताना माझ्या मनात एक माणूस सोडून सगळं जग होतं.

डोकं वर केलं तेव्हा पुलावरून एक सायकल येत होती. हँडलला हत्यारांची पिशवी, मागे पत्र्याचा डबा, डोक्याला ओला पंचा.

मी त्याला ओळखलं. भीती वाटली की लाज, आजही सांगता येत नाही. हा आता मान फिरवून पुढे जाईल असं वाटलं. त्याच्या जागी मी असतो तर गेलो असतो.

नबीलालने सायकल उभी केली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग काचेतून आत वाकला. “कुसुमताई हाय व्हय?” त्याचा आवाज बदलला. “किती डाव बंद पडली?”

“पाचदा.”

“थांबली की चालू हुती?”

“होते.”

“म्हंजी त्योच.” जुन्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसं तो म्हणाला. “आता टाकी उतरवाय टाइम न्हाय. टाकीला वगळूनच टाकू. गाडीला सलाइन लावू.”

त्याने पिशवीतून रबरी नळी काढली, टाकीच्या तोंडातून आत सोडली, तोंडाने पेट्रोल ओढून आपला डबा भरला. तोंडातलं थुंकून टाकलं आणि डबा माझ्या नाकासमोर धरला.

“वास घ्या, दिवाणजी. रॉकेल हाय का ह्यात?”

त्याने उत्तराची वाट बघितली नाही. नळी डब्याच्या तोंडातून बुडापर्यंत सोडली, ती सुटू नये म्हणून तोंडात चिंध्या कोंबल्या, नळीचं दुसरं टोक इंजिनाला जोडलं. बॉनेटची एक बाजू काढून डिकीत टाकली. मग स्वतः पुढच्या मडगार्डवर बसला, एका हाताने दिव्याला धरलं आणि दुसऱ्या हाताने डबा उंच धरला. ड्रायव्हरला म्हणाला, “हाण आता. गचका देऊ नगंस. आन् मी पडलो तर थांबू नगंस.”

सायकल पुलाच्या कठड्याला तशीच राहिली.

तिथून सोलापूरपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. मागे कुसुमचं डोकं मांडीवर घेऊन मी समोर बघत होतो. आरशाला टांगलेली आईची तसबीर हेलकावे खात होती आणि काचेपलीकडे, तिच्या बरोबर मागे, नबीलालचा वर उचललेला हात दिसत होता. तसबीर हलली की हात दिसे, पुन्हा हलली की तसबीर. इंजिनाची धग त्याच्या अंगावर येत होती, पेट्रोल ओघळून कोपरापर्यंत आलं होतं. हात खाली आला नाही. आयुष्यभर मी देवळात उभा राहून जे बघायची इच्छा धरली होती, ते बहुधा मला त्या वीस-पंचवीस मिनिटांत दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. मी काही मागितलं नाही. मागायला तोंडच उरलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात कुसुमला आत नेलं. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघांपैकी कोणी हाती लागलं नसतं. मुलगी झाली. मूठभर, पण रडली. मी बाहेर आलो तर नळाखाली नबीलाल हात धूत होता. कातडी लालबुंद झाली होती, मनगटाजवळ फोड आले होते.

“दोघंबी बरी हायत?”

“आहेत.”

“झालं तर.” त्याने पंचा झटकला. “आता टाकी उतरवा, दिवाणजी. हातच्या हात. आन् काय निघालं ती मला सांगा. मला नोकरी नगं, काय नगं. तेवढं सांगा.”

‘सांगतो,’ मी म्हणालो. पुढचे शब्द गळ्यापर्यंत आले होते. आतून कोणीतरी गळा दाबत होतं. तो एसटी स्टँडकडे चालत निघून गेला, कारण त्याची सायकल सीनेच्या पुलावर होती.

दोन दिवसांनी टाकी उतरवली. मी मुद्दाम समोर उभा राहिलो. मिस्त्रीने टाकी उलटी करून हलवली आणि पुरचुंडी टपकन बाहेर पडली. लाल रंग पार उडून गेला होता. अंगारा झिरपून सगळा निघून गेला होता. कापडाची नुसती पिळवटलेली चिंधी राहिली होती, पण माझ्या सातही गाठी जशाच्या तशा होत्या. मिस्त्री पलीकडे पाना घ्यायला वळला तेवढ्यात मी ती उचलून खिशात घातली.

मालकांनी विचारलं, “काय निघालं?” मी म्हणालो, “गंज.” ते थबकले. “म्हणजे नबीलाल चोर नव्हता?” दार सताड उघडं होतं. मी म्हणालो, “गंजही असेल, मालक, आणि रॉकेलही असेल.” हे शब्द माझेच होते, यावर मला आजही विश्वास ठेवावासा वाटत नाही. मग त्यांनी विचारलं, रस्त्यात गाडी कोणी चालू करून दिली? मी म्हणालो, “कोणी अनोळखी माणूस होता.” नव्या ड्रायव्हरने तर नबीलालला कधी पाहिलंच नव्हतं, आणि रस्त्यावर जे ऐकलं असेल ते त्याने कधी तोंडातून काढलं नाही. मालकांनी हात जोडले. “अम्मवारू आली, दिवाणजी. देवीच आली तुमच्यासाठी.” तिथून ती गोष्ट सुरू झाली, आणि मी ती वाढू दिली. कुसुमला तेव्हा शुद्ध नव्हती. तीही आजवर अनोळखी माणसाच्या नावाने देवापुढे एक जादा वात लावते.

दीड-एक वर्षाने मंद्रूपच्या आठवडी बाजारात नबीलाल समोर आला. माझ्या कडेवर नात होती. त्याने तिच्या हातात रेवड्या ठेवल्या, गालाला बोट लावलं आणि मग हळूच विचारलं, “काय निघालं ओ शेवटी?”

“गंज,” मी म्हणालो.

“गंज?” तो विचारात पडला. “गंज बुडाला बसतो, दिवाणजी. त्यो गळा दाबून सोडत न्हाय.” थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. “बरं. तुमी म्हंता तर गंज.”

नंतर वर्षं गेली. मालक गेले, कारखाना बंद झाला, माझी पत्नी गेली. देवाचं करायला बसलो की हात त्या चिंधीवर पडायचा, कारण ती मी देव्हाऱ्यातच ठेवली होती. तिच्याकडे बघत मी समजत होतो, शरण जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण शुक्रवारी दुपारी जे मी टाकीत सोडलं होतं ती भीती होती, वर लाल कापड गुंडाळलेली. शरण फार तर मी एकदाच गेलो, पुलाजवळच्या धुळीत, आणि तेही लेकीचा जीव जात होता म्हणून. तेवढ्यावरही आईने ऐकलं. माझ्या पापाने ज्याला त्या रस्त्यावर ढकललं होतं, त्यालाच तिने माझ्याकडे वळवलं. हा हिशेब माझ्या बुद्धीला पेलत नाही. चमत्कार म्हणायचं असेल तर नबीलालने सायकल थांबवली, त्याला मी चमत्कार म्हणेन.

मागच्या वर्षी धीर करून, चिंधी खिशात घालून मी त्याचं घर शोधत गेलो. मुलाचं सोलापुरातच गॅरेज आहे. भिंतीवर खिळ्याला तो पितळी बिल्ला लटकत होता. मुलाने खुर्ची दिली. “अब्बा जाऊन सा वर्सं झाली, आजोबा. तुमी कुटले?” मी कारखान्याचं नाव सांगितलं. त्याचे डोळे चमकले. “ती काळी गाडी! शेवटच्या दुखण्यातबी अब्बा तीच काढायचे बगा. म्हनायचे, सगळ्या गाड्यांचे फॉल्ट काढले, त्या एकीचा ऱ्हायला. गंज न्हवता त्यो, गंज न्हवता, म्हनायचे.” मग पुढे वाकून त्याने विचारलं, “तुमाला ठाव हाय का ओ, काय निघालं हुतं?”

मी चहा प्यायलो. खिशातला हात बाहेर काढला नाही. ऊन चढतंय, असं काहीतरी म्हणालो आणि उठलो.

माझी नात आज दोन मुलांची आई आहे. तिच्याकडे बघताना मला एक लालभडक, फोड आलेला हात दिसतो, आणि मी जगदंबेचे आभार मानतो. हे लिहून झालं की कागद आणि चिंधी त्या गॅरेजात पोचवायला तिलाच सांगणार आहे. पण ते मुलाच्या हातात पडेल. ज्याला ऐकायचं होतं त्याच्यासाठी मी फार उशीर केला. रोज मनात घोकलेलं आणि एकदाही तोंडातून न निघालेलं ते एवढंच होतं:

नबीलालभाई, तुमचं बरोबर होतं. गंज नव्हता. टाकीतच फॉल्ट होता, फिरता होता, तुम्ही म्हणालात तसाच तोंडाला येऊन बसत होता. तो मी टाकला होता. तुम्ही राखेची वाटी दाखवलीत त्या दिवसापासून मला माहीत होतं. मला माफ करा.